ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे संक्षारण व पृष्ठसंरक्षण

हवा, पाणी, लवणे, अम्ले वा क्षार यांच्या सान्निध्यात विद्युत् रासायनिक विक्रियांमुळे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा जो क्रमाक्रमाने नाश होतो त्यास त्यांचे संक्षारण म्हणतात. या नाशाचा वेग मोजणे, धातूच्या पृष्ठभागावरील थरांची घडण तपासणे आणि कृत्रिम थर वा लेप देऊन धातूचे आयुष्य वाढविणे, हे सर्व या विषयाच्या कक्षेत येते. लोखंडाच्या गंजासारखे तांबूस चूर्ण येथे दिसत नाही. पांढरट पूड, काळसर डाग किंवा टाचणीच्या टोकाएवढे खड्डे एवढीच बाह्य लक्षणे असतात आणि कित्येकदा तीही नसतात. त्यामुळे हानी उशिरा लक्षात येते. महाराष्ट्रात या विषयाशी नागपूरचा संबंध विशेष निकटचा आहे. जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र ही केवळ या धातूस वाहिलेली संस्था अमरावती मार्गावरील वाडी येथे असून धातुविज्ञान, पृष्ठलेपन व विमानदुरुस्ती यांच्याशी संबंधित संस्थाही शहरात व परिसरात आहेत.

नैसर्गिक ऑक्साइड थर : विद्युत् रासायनिक श्रेणीत ॲल्युमिनियमचे स्थान पाहता हा धातू टिकावू असण्याचे काहीच कारण नाही. त्याचे प्रमाण विद्युत् वर्चस् हायड्रोजनाच्या तुलनेने −१·६६ व्होल्ट आहे. जस्ताचे −०·७६, लोखंडाचे −०·४४ व तांब्याचे +०·३४ व्होल्ट आहे. म्हणजे लोखंडापेक्षा तो कितीतरी अधिक विक्रियाशील आहे. तरीही ॲल्युमिनियमची तार उघड्या हवेत वर्षानुवर्षे टिकते आणि लोखंडी तार काही पावसाळ्यांतच झिजते. याचे कारण धातूत नसून त्याच्या पृष्ठभागात आहे. हवेशी संपर्क येताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडाचा अखंड व घट्ट चिकटणारा थर तयार होतो. कोरड्या हवेत त्याची जाडी अवघी २ ते ४ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश) असते. थर ओरखडला गेला, तरी तो क्षणार्धात पुन्हा बनतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो व सुटून पडतो, त्यामुळे खालचा धातू सतत उघडा पडत राहतो. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मात्र धातूला झाकून टाकते. या स्थितीस अक्रियता म्हणतात.

हे संरक्षण बिनशर्त नाही. बेल्जियन शास्त्रज्ञ मार्सेल पूर्बे (१९०४–९८) यांनी धातूचे विद्युत् वर्चस् व विद्रावाचे पीएच मूल्य यांच्या आलेखावर धातू केव्हा अक्रिय राहतो व केव्हा विरघळतो हे दाखविण्याची पद्धत रूढ केली. त्यानुसार पीएच मूल्य सु. ४ ते ८·५ या मर्यादेत ॲल्युमिनियमचा ऑक्साइड थर स्थिर असतो. त्यापेक्षा अधिक अम्लीय वा अधिक क्षारीय विद्रावात तो विरघळू लागतो. दोन्ही बाजूंनी विरघळणारे हे ऑक्साइड उभयधर्मी होय.

स्वयंपाकघरातील अनुभव याच्याशी जुळतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात जड पाणी वारंवार उकळले की आतील बाजू काळवंडते आणि त्याच पातेल्यात चिंच, कोकम किंवा टोमॅटो शिजविला की ती पुन्हा उजळते. पहिल्या प्रसंगी क्षारीय पाण्याने पृष्ठभागाचे स्वरूप बदललेले असते, दुसऱ्या प्रसंगी अम्लाने तो बदललेला थर विरघळवून नेलेला असतो. लोणचे चिनी मातीच्या बरणीत घालण्याची जुनी रीत ॲल्युमिनियम घरात येण्याच्या फार पूर्वीची आहे. परंतु मीठ व आंबटपणा या दोहोंचा एकत्रित मारा या धातूला सोसवत नाही, म्हणून ॲल्युमिनियमच्या डब्यांच्या काळातही बरणीचे स्थान अबाधित राहिले.

मिश्रधातू व अंतर्गत विद्युत् घट : शुद्ध ॲल्युमिनियम चांगले टिकते, पण ते मऊ असते. त्याला बळकटी आणण्याचा मार्ग जर्मन धातुवैज्ञानिक आल्फ्रेट व्हिल्म यांना १९०६ मध्ये सापडला. तांबे व थोडे मॅग्नेशियम मिसळलेली मिश्रधातू तापवून पाण्यात झटकन थंड केली व तशीच ठेवली, तर काही दिवसांत तिचे काठिण्य आपोआप वाढते असे त्यांना आढळले. ड्युराल्युमिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या या मिश्रधातूवर विमानविद्येची उभारणी झाली. कालकठिनीकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या क्रियेत विरघळलेले तांबे अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडते व हे कण स्फटिकातील थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत.

बळकटी देणारी हीच घटना संक्षारणाचे मूळ होय. शुद्ध धातूचा पृष्ठभाग सर्वत्र सारखा असतो, मिश्रधातूचा नसतो. त्यात तांबे, लोह, मॅग्नेशियम, जस्त यांच्या आंतरधातवीय संयुगांचे कण विखुरलेले असतात. प्रत्येक कणाचे विद्युत् वर्चस् भोवतालच्या ॲल्युमिनियमपेक्षा वेगळे असते आणि कणावरील ऑक्साइड थरही दुबळा असतो. पृष्ठभागावर खारट पाण्याचा थेंब पडला की तो विद्युत् विच्छेद्याचे काम करतो आणि एकाच पत्र्यावर असंख्य सूक्ष्म विद्युत् घट कार्यान्वित होतात. लोह व तांबे असलेले कण ऋणाग्र बनतात. त्यांच्यावर पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनाचे क्षपण होते. भोवतालचे ॲल्युमिनियम धनाग्र बनून विरघळते. ४ टक्क्यांच्या आसपास तांबे व दीड टक्क्याच्या आसपास मॅग्नेशियम असलेल्या २०२४ या विमानोपयोगी मिश्रधातूत तर कणांची भूमिका मध्येच पालटते. ॲल्युमिनियम, तांबे व मॅग्नेशियम यांच्या संयुगाचा कण प्रथम स्वतः धनाग्र असतो. त्यातील मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम विरघळून गेले की मागे तांब्याचा स्पंजासारखा सांगाडा उरतो व तोच कण आता प्रभावी ऋणाग्र होतो. त्यातून सुटलेले तांब्याचे आयन आजूबाजूला पुन्हा साचतात आणि नवीन ऋणाग्रे निर्माण करतात. एका कणापासून सुरू झालेला उपद्रव अशा रीतीने पसरत जातो.

दोन भिन्न धातू प्रत्यक्ष जोडले असता हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर घडते. ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटीत पितळी स्क्रू बसविल्यास मुंबईच्या दमट व खाऱ्या हवेत स्क्रूभोवतीची चौकट पोखरली जाते, स्क्रू शाबूत राहतो. येथे क्षेत्रफळांचे गुणोत्तर फार महत्त्वाचे असते. ऋणाग्र मोठे व धनाग्र लहान असेल, तर सर्व विद्युत् प्रवाह लहानशा जागेतून वाहतो व तेथील धातू झपाट्याने नाहीसा होतो. म्हणून पोलादाच्या मोठ्या पत्र्यावर ॲल्युमिनियमचे रिव्हेट वापरणे हे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पोलादाचे रिव्हेट वापरण्यापेक्षा अधिक घातक ठरते. विजेच्या पारेषण मार्गांवरील ॲल्युमिनियमच्या तारांच्या मध्यभागी बळकटीसाठी पोलादी तारा असतात. त्यांवर जस्ताचा मुलामा देण्याचे एक कारण पोलादाचा ॲल्युमिनियमशी थेट संपर्क टाळणे हे आहे.

संक्षारणाचे प्रकार : सर्वाधिक आढळणारा प्रकार गर्तिका संक्षारणाचा होय. क्लोराइड आयन ऑक्साइड थराच्या दुर्बल जागा हेरून तेथे थर भेदतात. खड्डा पडला की त्यातील पाण्यात ॲल्युमिनियमचे आयन साचतात, त्यांच्या जलविच्छेदनाने अम्ल तयार होते, अम्लामुळे थर पुन्हा बनू शकत नाही व अधिक क्लोराइड आत खेचले जाते. बाहेरचे पाणी उदासीन असले तरी खड्ड्यातील द्रव तीव्र अम्लीय असतो. कणसीमा संक्षारणात धातूच्या स्फटिककणांमधील सीमा तेवढ्या विरघळतात. लाटून काढलेल्या जाड पत्र्यात कण चपटे झालेले असल्याने असा हल्ला पत्र्याला समांतर पसरतो व पत्र्याचे पापुद्रे सुटतात. ओढण्याच्या प्रतिबलाखाली असलेला भाग संक्षारणामुळे अचानक तडकणे हा आणखी धोकादायक प्रकार आहे. जस्त, मॅग्नेशियम व तांबे असलेल्या ७०७५ या अतिबलवान मिश्रधातूत तो विशेष आढळतो. ही मिश्रधातू कमाल बलाच्या अवस्थेपलीकडे नेऊन अधिक काळ तापविली, तर तडकण्याची प्रवृत्ती खूपच घटते. परंतु त्यासाठी सु. १० ते १५ टक्के बल सोडावे लागते. अभियंत्यांनी अनेक ठिकाणी हा सौदा पत्करला आहे आणि तो शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

सांध्यांतील संक्षारणाची किंमत काय असू शकते, हे २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरील उड्डाणात दिसून आले. अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ विमानाच्या कवचाचा वरचा मोठा भाग आकाशातच उडून गेला. विमान उतरविण्यात वैमानिकांना यश आले, तथापि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. समुद्री हवेत अल्प अंतराची सु. ८९,००० हून अधिक उड्डाणे झालेल्या या विमानात कवचाच्या एकावर एक बसविलेल्या पत्र्यांमधील चिकटद्रव्य सुटले होते, फटीत ओल शिरून संक्षारण झाले होते आणि सर्व भार रिव्हेटांच्या छिद्रांवर पडून शिणवट्याच्या तडा गेल्या होत्या.  देखभालीत ही हानी लक्षात आली नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्यानंतर जुन्या विमानांच्या सांध्यांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले. नागपूरच्या मिहान प्रकल्पात २०१५ मध्ये सुरू झालेल्या बोईंग विमानांच्या देखभाल केंद्रासारख्या ठिकाणी चालणाऱ्या कामाचा मोठा भाग अशाच न दिसणाऱ्या दोषांच्या शोधाचा असतो.

विद्युत् रासायनिक मापन : नमुना मिठाच्या पाण्यात ठेवून काही महिन्यांनी त्याचे वजन करणे ही संक्षारण मापनाची सर्वांत जुनी पद्धत होय. ती विश्वसनीय असली तरी मंद आहे आणि हानी कशी झाली हे सांगत नाही. संक्षारण हा विद्युत् प्रवाह आहे हे ओळखल्यावर तो प्रवाहच मोजण्याचा मार्ग खुला झाला. केंब्रिज येथील यू. आर. एव्हान्झ (१८८९–१९८०) यांनी धनाग्रीय व ऋणाग्रीय विक्रियांचे वक्र एकाच आलेखावर काढून त्यांच्या छेदनबिंदूवरून संक्षारणाचा वेग दाखविला. १९३८ मध्ये कार्ल व्हाग्नर व व्हिल्हेल्म ट्राउट यांनी मिश्र वर्चसाचा सिद्धांत मांडून या विचाराला भक्कम पाया दिला.

प्रयोगशाळेत मापनाचा घट तीन अग्रांचा असतो. तपासावयाच्या मिश्रधातूचे ठराविक क्षेत्रफळ, बहुधा १ चौ. सेंमी., विद्रावास उघडे ठेवतात. प्लॅटिनमचे साहाय्यक अग्र प्रवाह वाहून नेते. पाऱ्याच्या क्लोराइडाचे (कॅलोमेलचे) संदर्भ अग्र वर्चस् मोजण्यासाठी असते. समुद्राच्या पाण्याऐवजी ३·५ टक्के मिठाचा विद्राव घेण्याचा प्रघात आहे. नमुना प्रथम तासभर तसाच ठेवून त्याचे स्थिर वर्चस् नोंदवितात. नंतर वर्चस्‌स्थापक या उपकरणाने वर्चस् सेकंदाला १ मिलिव्होल्ट वा त्याहून कमी वेगाने बदलत नेतात व प्रत्येक क्षणीचा प्रवाह टिपतात. अशा ध्रुवण वक्रावर अक्रिय अवस्थेत प्रवाह अत्यल्प राहतो आणि एका ठराविक वर्चसाला तो एकाएकी उसळतो. तेथे थर फुटून गर्तिका सुरू झालेल्या असतात. शुद्ध ॲल्युमिनियमच्या बाबतीत वरील विद्रावात हे भेदन वर्चस् कॅलोमेल अग्राच्या तुलनेने सु. −०·७५ व्होल्ट येते.

प्रवाहावरून झीज काढणे फॅराडे यांच्या नियमांमुळे शक्य होते. दर चौ. सेंमी. ला १ मायक्रोअँपिअर (अँपिअरचा दशलक्षांश) एवढा संक्षारण प्रवाह असेल, तर ॲल्युमिनियमची जाडी वर्षाला सु. ०·०११ मिमी. कमी होते. हा आकडा सोयीचा असला तरी फसवा आहे. तो सर्व पृष्ठभाग सारखा झिजतो असे धरून काढलेला असतो. ॲल्युमिनियम मात्र जागोजागी पोखरले जाते. सरासरी नगण्य असतानाच पत्र्याला आरपार छिद्र पडलेले असू शकते. दुसरी अडचण अशी की, हवा मिसळलेल्या खाऱ्या पाण्यात या मिश्रधातूंचे स्थिर वर्चस् आपोआपच भेदन वर्चसाच्या आसपास येऊन थांबते. अशा वेळी वक्राचा सरळ भाग मागे वाढवून संक्षारणाचा वेग काढण्याची टाफेल यांच्या नावाची पद्धत लावली, तर उत्तर मिळते, पण त्याला फारसा अर्थ उरत नाही. प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांत ही चूक आजही आढळते. विद्रावातून ऑक्सिजन काढून घेऊन मापन केल्यास अक्रिय अवस्था व भेदन वर्चस् स्पष्टपणे अलग दिसतात.

लेप दिलेल्या धातूसाठी एकदिश प्रवाहाची ही पद्धत गैरसोयीची ठरते, कारण मापनानेच लेप बिघडतो. १९७० नंतरच्या काळात प्रसार पावलेल्या संरोध मापनात सु. १० मिलिव्होल्ट इतका लहान प्रत्यावर्ती विद्युत् दाब देतात आणि सेकंदाला लक्षावधी कंपनांपासून १०० सेकंदांना एक कंपनापर्यंत कंप्रता बदलत प्रवाहास होणारा विरोध मोजतात. उच्च कंप्रतेला लेपाचे गुणधर्म दिसतात, नीच कंप्रतेला लेपाखालच्या धातूवर काय चालले आहे ते कळते. चांगल्या जाड रंगलेपाचा संरोध दर चौ. सेंमी. क्षेत्रास एक अब्ज ओहम किंवा अधिक असतो. पाणी झिरपू लागले की तो हजारो पटींनी घसरतो. डोळ्यांना फोड दिसण्यापूर्वी पुष्कळ दिवस ही घसरण नोंदविता येते, हे या पद्धतीचे मोठेच यश होय.

विद्युत् मापन झाल्यावर पृष्ठभाग प्रत्यक्ष पाहावा लागतो. क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने खड्डा कोणत्या कणाशेजारी पडला हे दिसते व त्यास जोडलेल्या क्ष-किरण विश्लेषकाने तो कण कशाचा आहे हे समजते. स्वीडिश भौतिकीविज्ञ काय सीगबान यांनी विकसित केलेल्या व १९८१ च्या नोबेल पारितोषिकास कारण झालेल्या क्ष-किरण प्रकाश-इलेक्ट्रॉन पद्धतीने काही नॅनोमीटर जाडीच्या थरातील मूलद्रव्ये आणि त्यांची रासायनिक स्थिती कळते. उदा., लेपातील क्रोमियम षट्‌संयुजी आहे की त्रिसंयुजी, हा पुढे येणारा महत्त्वाचा प्रश्न तीच सोडविते.

धनाग्रीकरण : निसर्गाने दिलेला थर विजेच्या साहाय्याने हजारो पटींनी जाड करता येतो. यासाठी ॲल्युमिनियमची वस्तू अम्लाच्या कुंडात धनाग्र म्हणून टांगतात. जी. डी. बेंगफ व जे. एम. स्ट्यूअर्ट यांनी १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये क्रोमिक अम्लाची पद्धत काढली. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युराल्युमिनचे भाग टिकविणे हा तिचा हेतू होता. आज सर्वत्र प्रचलित असलेली पद्धत सल्फ्यूरिक अम्लाची आहे. सु. १५ ते २० टक्के अम्ल, १२ ते २० व्होल्ट विद्युत् दाब व २०° से.च्या आसपास तापमान ठेवले असता ५ ते २५ मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर मिळतो. त्याची रचना मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असते. तळाशी पातळ व सलग पडदा आणि त्यावर उभ्या षट्‌कोनी कोष्ठिका असून प्रत्येकीच्या मध्यभागी सु. १० ते २० नॅनोमीटर व्यासाचे छिद्र असते. १९५३ मध्ये केलर, हंटर व रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आधारे ही रचना दाखवून दिली. या छिद्रांत रंगद्रव्य शोषले जाते व रंगीत डबे, पेले, खिडक्यांच्या पट्ट्या तयार होतात. शेवटी वस्तू उकळत्या पाण्यात ठेवली की ऑक्साइड पाणी घेऊन फुगते व छिद्रे बुजतात. ही छिद्रबंदी नीट झाली नाही, तर जाड थरही स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. कमी किमतीच्या मालात बहुधा हीच पायरी आखडलेली असते.

कुंडाचे तापमान हा येथील कळीचा मुद्दा आहे. धनाग्रीकरणात थर बनणे व अम्लात विरघळणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात आणि प्रवाहामुळे उष्णताही निर्माण होते. कुंड तापले की विरघळण्याची क्रिया वरचढ होते व बोटाने पुसला जाईल असा भुसभुशीत थर मिळतो. मे महिन्यात जेथे पारा ४५° से.च्या वर जातो, त्या नागपुरात कुंडास शीतन यंत्रणा नसेल तर हा उद्योग उन्हाळ्यात चालूच शकत नाही. थंड देशांतील पुस्तकांत या खर्चाचा उल्लेख ओझरता असतो. विदर्भातील कारखानदाराच्या विजेच्या बिलात तो ठळक असतो.

धातूंचे लेप : एका धातूवर दुसऱ्या धातूचा लेप देण्याची कल्पना महाराष्ट्रातील घरांना नवीन नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना नवसागराने साफ करून कथलाची कल्हई लावणे हे तिचेच रूप होय. ॲल्युमिनियमच्या बाबतीत विशेष गोष्ट ही की, त्यावर ॲल्युमिनियमचाच लेप देतात. १९२७ च्या सुमारास अमेरिकेत ई. एच. डिक्स यांनी तांबेयुक्त बलवान मिश्रधातूच्या दोन्ही बाजूंस शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा तप्त लाटणीने जोडला. अल्क्लॅड या नावाच्या या पत्र्यात गाभा बळ पुरवितो आणि बाहेरील थर संरक्षण देतो. ओरखड्यातून गाभा उघडा पडला, तरी शुद्ध ॲल्युमिनियम त्याच्या तुलनेने धनाग्र असल्याने स्वतः झिजून गाभ्यास वाचवितो.

पोलादावरील जस्त नेमके असेच आत्मबलिदान करते. सु. ४५०° से. तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले पत्रे सर्वांच्या परिचयाचे आहेत. १९७२ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या ५५ टक्के ॲल्युमिनियम, सु. ४३·४ टक्के जस्त व १·६ टक्के सिलिकॉन या मिश्रधातूच्या लेपाने दोन्ही धातूंचे गुण एकत्र आणले. त्यातील जस्तबहुल भाग कापलेल्या कडांचे रक्षण करतो, तर ॲल्युमिनियमबहुल भागावरील ऑक्साइड थर सर्वसाधारण झीज रोखतो. मात्र ओले सिमेंट किंवा गोठ्यातील अमोनियायुक्त हवा यांसारख्या क्षारीय परिसरात हा लेप साध्या जस्तापेक्षा दुबळा ठरतो. कारण वर सांगितलेली पीएच मूल्याची मर्यादा येथेही लागू पडते. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वर येथे लेपित व रंगीत पोलादी पत्र्यांचा मोठा कारखाना आहे.

नागपूर व परिसरातील अभ्यास : वाडी येथील केंद्र भारत सरकारच्या खाण मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८९ मध्ये स्थापन केले व ते १९९६ पासून कार्यरत झाले. बॉक्साइटाच्या परीक्षेपासून मिश्रधातूंच्या व भंगाराच्या पुनर्वापरापर्यंतचा सर्व पल्ला त्याच्या कार्यात येतो. यांतील भंगाराचा प्रश्न संक्षारणाशी थेट निगडित आहे. भंगारापासून ॲल्युमिनियम मिळविण्यास धातुपाषाणापासून मिळविण्याच्या सु. ५ टक्केच ऊर्जा लागते. परंतु प्रत्येक फेरीत लोह व तांबे यांचे प्रमाण वाढत जाते आणि ते काढून टाकणे अवघड असते. हीच दोन मूलद्रव्ये ऋणाग्रीय कण निर्माण करतात. पुनर्वापरित धातूच्या पत्र्यास नव्या धातूइतके आयुष्य लाभेल की नाही, हे ठरविण्यासाठी वरील मापनांवाचून गत्यंतर नाही.

१९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून स्थापन झालेल्या व २००२ पासून राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था असलेल्या संस्थेत धातुविज्ञानाचे उच्च शिक्षण व संशोधन चालते. मॅंगॅनिजाच्या खाणींचे मालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभ्या राहिलेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत पृष्ठलेपन तंत्रविद्या हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. अंबाझरी येथील आयुध निर्माणीत ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे दाबून काढलेले व घडीव भाग तयार होतात. २०२१ पासून ती यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे.

नागपूरच्या हवामानाविषयी एक इशारा आवश्यक आहे. दोन्ही समुद्रांपासून शेकडो किमी. दूर असलेल्या या शहराच्या हवेत क्लोराइड नगण्य असते व पावसाळ्याचे महिने सोडल्यास धातूचा पृष्ठभाग ओला राहण्याचा काळही थोडा असतो. औष्णिक वीज केंद्रांचा धूर व राख असलेला परिसर सोडल्यास ॲल्युमिनियमच्या दृष्टीने ही हवा सौम्यच आहे. येथे दहा वर्षे निर्डाग राहिलेला नमुना रत्नागिरीच्या बंदरावर दोन वर्षेही तसा राहील असे नाही. भारतात अशा तुलनेसाठी कारैकुडी (तमिळनाडू) येथील केंद्रीय विद्युत् रासायनिक संशोधन संस्थेने (स्थापना १९४८) निरनिराळ्या हवामानांत नमुने उघड्यावर ठेवून दीर्घकाळ नोंदी केल्या आहेत. ५ टक्के मिठाच्या विद्रावाचे धुके ३५° से. तापमानास फवारण्याची कसोटी १९३९ पासून प्रमाण मानली जाते व अनेक खरेदी करार तिच्यावरच भिस्त ठेवतात. तिच्यात नमुना कधी वाळत नाही आणि त्यावर ऊनही पडत नाही. पावसाळा व कडक उन्हाळा यांचे आलटूनपालटून चक्र असलेल्या प्रदेशात तिचे निष्कर्ष सावधपणे घेतले पाहिजेत.

क्रोमेटाचा प्रश्न : रंग देण्यापूर्वी ॲल्युमिनियमवर रासायनिक थर बनविणे आवश्यक असते, नाहीतर रंग सुटतो. या कामी षट्‌संयुजी क्रोमियमाच्या विद्रावाइतके प्रभावी द्रव्य विसाव्या शतकात सापडले नाही. काही मिनिटे बुडविताच सोनेरी छटेचा थर बनतो. त्यात शिल्लक राहिलेले क्रोमेट ओरखड्याच्या जागी पाण्यात विरघळून जाते, तेथे त्याचे क्षपण होऊन अविद्राव्य त्रिसंयुजी क्रोमियम साचते व जखम भरून निघते. परंतु हेच षट्‌संयुजी क्रोमियम फुप्फुसाचा कर्करोग निर्माण करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये त्याचा मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात समावेश केला. कुंडावर काम करणाऱ्यांच्या नाकातील पडद्यास छिद्र पडणे व कातडीवर न भरणाऱ्या जखमा होणे हे त्याआधी कितीतरी वर्षांपासून माहीत होते. सांडपाण्यातून ते विहिरींपर्यंत पोहोचते, हा उपद्रव वेगळाच. यूरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइडाचा वापर विशेष परवानगीवाचून करता येत नाही.

पर्याय अनेक निघाले आहेत. त्रिसंयुजी क्रोमियम व झिर्कोनियम यांचे थर इमारती आणि मोटारगाड्यांच्या भागांसाठी रूढ झाले आहेत. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात ब्रूस हिंटन व सहकाऱ्यांनी सिरियमाच्या लवणांचा उपयोग दाखविला. पृष्ठभागावरील ऋणाग्रीय कणांपाशी पाणी क्षारीय होते व नेमके तेथेच सिरियमाचे ऑक्साइड साचून ऑक्सिजनाचा मार्ग बंद होतो, ही त्यातील युक्ती आहे. सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांपासून काचेसारखे पातळ पटल बनविण्याची पद्धत व मॅग्नेशियमाची पूड मिसळलेला अस्तराचा रंग यांचीही विमानांवर चाचणी झाली आहे. तांब्याचे प्रमाण कमी असलेल्या मिश्रधातूंवर यांपैकी बरेच पर्याय क्रोमेटाच्या तोडीस उतरतात. तांबेयुक्त २०२४ मिश्रधातूचे रिव्हेट केलेले सांधे मात्र अद्याप कठीण जागा आहेत. तेथे लेप चांगला असून भागत नाही, तो फाटल्यावर फटीतल्या फटीत जखम भरणारे द्रव्य पुरवावे लागते. म्हणून विमानांच्या अशा भागांवर क्रोमेटयुक्त अस्तर परवाने घेऊन, मुखवटे व वायुवीजन यांच्या बंदोबस्तात अजूनही वापरले जाते. सुट्या भागांची कुंडे बदलली जात असली, तरी जुना लेप खरवडताना उडणाऱ्या धुळीपासून दुरुस्तीगृहातील कामगारांचे रक्षण करण्याची गरज जुनी विमाने सेवेत असेपर्यंत राहणार आहे.